चारातला एक कापून देणार नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि लिहितेय तीही भांडायला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले पंधरा दिवस काय चाललंय ते निम्म्या वाचकांना माहीत आहेच (निम्मे वाचक माझे नातेवाईकच आहेत, लपवण्यात अर्थ नाही). उरलेल्यांना, म्हणजे ब्लॉगवाल्या दोस्तांना, थोडक्यात सांगते. आत्याचा एक फोटो आहे. त्या एका फोटोत चार फोटो आहेत. घरच्यांचं म्हणणं, त्यातला एक कापून घ्यावा, मोठा करावा, साफसूफ करावा आणि वर्षश्राद्धाच्या आत भिंतीवर लावावा. माझं म्हणणं, लावायचा तर चारही लावा. ग्रुपवर चार ओळींच्या वर काही लिहिलं की कुणीतरी लगेच हात जोडल्याचं चित्र टाकतं आणि विषय मिटतो. म्हणून हे सगळं इथे.

आधी कॅमेऱ्याबद्दल. २००६ च्या दिवाळीत मावसभाऊ जर्मनीहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी ॲक्शनसॅम्पलर नावाचा एक प्लॅस्टिकचा डबा आणला. डबाच म्हणायचा, कारण भाचीला तो आपल्यासाठीच आणलेलं खेळणं वाटला आणि तिने तो पहिल्या पाच मिनिटांत पळवलाही. व्हिएन्नाच्या लोमोग्राफीवाल्यांनी हा कॅमेरा नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाजारात आणला. समोर चार बारकी भिंगं, दोन वर, दोन खाली. आत आपला नेहमीचा ३५ मिलिमीटरचा रोल. बटण दाबलं की भिंगं एकदम उघडत नाहीत, एकामागून एक उघडतात. साधारण एका सेकंदात चारही होतात. नेहमीच्या एका फोटोला फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटर जागा मिळते, ती चौघांत वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला १२ बाय १८, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी फिल्म. सेल नाही, फोकस नाही, उजेड कमी-जास्त करायची सोय नाही. नेम धरायला वर प्लॅस्टिकची एक चौकट असते, ती उघडायची, तिच्यातून अंदाजाने बघायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. चारशेचा रोल घालून भर उन्हात काढले तरच काही उमटतं. आमच्या जयसिंगपुरात ऊन कधी कमी पडत नाही, तेव्हा ती काळजी मिटली.

३६ चा रोल, म्हणजे १४४ चित्रं. हा हिशेब ऐकून आमच्या वडिलांना कॅमेरा फार आवडला होता. 'म्हणजे चौपट स्वस्त!' असं ते म्हणाले. पहिला रोल धुऊन आला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रोल जिथे दिला होता तिथल्या माणसाने तर 'खराब आलाय' म्हणून प्रिंट काढल्याच नव्हत्या, नुसती निगेटिव्ह हातात ठेवली. मी म्हटलं, 'काढा, तसाच काढायचाय.' पैसे आधी घेऊन मग काढल्या!

काय होतं त्या रोलमध्ये? नृसिंहवाडीच्या घाटावरून कृष्णेत उडी मारणारा पोरगा, पहिल्या चौकोनात पायरीवर, दुसऱ्यात हवेत, तिसऱ्यात अजून हवेत आणि चौथ्यात नुसतं पाणी. उसाच्या ट्रॉलीमागून कांडं ओढणारी पोरं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, छपराच्या मोकळ्या गोलातून ऊन खाली पडतं तिथे काढलेला एक, ज्यात माझा हात हलल्यामुळे दगडी खांबसुद्धा जागा बदलताना दिसतात. आणि आजोबांची शिंक. जयसिंगपूर तंबाखूच्या बाजाराचं गाव, त्यामुळे आजोबांची तपकीर अव्वल असायची आणि शिंकही. चिमूट, वर गेलेलं नाक, मिटलेले डोळे आणि फुटलेलं धरण, असे चार चौकोन. मला नंतर कळलं की अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९४ साली अगदी हेच केलं होतं. फ्रेड ऑट नावाच्या त्यांच्या एका कामगाराला तपकीर ओढायला लावून त्याची शिंक चलच्चित्रात पकडली होती. तेव्हा तो प्रयोग होता. आठव्या गल्लीत तोच 'पोरखेळ' झाला.

आता भांडणाचा पहिला मुद्दा, हा पोरखेळ. दादा (आतेभाऊ) ग्रुपवर लिहितो, 'खेळण्यातल्या कॅमेऱ्याचा फोटो आहे तो, त्यात एवढं पवित्र काय?' दादा, तू कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे लिहितोस? अरे, इथे कॅमेरे विकत आणण्याच्या आधी लोकांनी ते घडवलेत. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे दोघे मेस्त्री घराण्यातले भाऊ. रंग, सुतारकाम, नाटकाचे पडदे हे करता करता त्यांना हलत्या चित्राचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही, साथीदारांना घेऊन चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच बनवला आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांसमोर आणला. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ तू रोज बघतोस ना? पडदे रंगवणाऱ्याने यंत्राची खटपट करत बसणं, हे त्या वेळच्या शहाण्या माणसांना पोरखेळापलीकडे काय वाटलं असेल?

आणि दादासाहेब फाळके? 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे शाळेत पाठ केलंय आपण. पण त्याच्या आधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि त्याचा कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. ती चित्रं सलग दाखवल्यावर वेल डोळ्यांसमोर भराभर वाढते. 'अंकुराची वाढ' म्हणतात त्या तुकड्याला. तो बघून त्यांना कर्ज द्यायला माणूस तयार झाला! एका गृहस्थाने वाटाण्याच्या कुंडीसमोर कॅमेरा लावून बसायचं, याला आपल्या ग्रुपवर काय काय म्हटलं गेलं असतं याची मी कल्पना करू शकते. (मावशी, तुमची हसण्याची चित्रं सोडून.) त्याच्याही आधी सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईत हलतं चित्र घेतलं ते कुणाचं? कुस्तीचं. देवादिकांचं नाही, राजाचं नाही, दोन अंगांची झटापट. कल्याणच्या पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका' तर त्याहून जुनी, काचेवर रंगवलेली चित्रं भराभर बदलून पात्रं हलल्याचा भास करणारी. आपल्याकडच्या हलत्या चित्रांची मुळं ही अशी कुंडीत, आखाड्यात आणि रंगवलेल्या काचांत आहेत. तेव्हा 'खेळणं' हा शब्द वापरायचा तर जरा आदराने वापरा.

एक मात्र कबूल. लोमोग्राफीवाल्यांचंही सगळंच मला पटत नाही. १९९२ साली व्हिएन्नाच्या काही पोरांनी संघटना काढली, रशियन एलसी-ए कॅमेऱ्याचं वेड जगभर पसरवलं, इथवर ठीक. पण त्यांचे म्हणून दहा नियम आहेत आणि त्यात 'विचार करू नका' असाही एक आहे. हे सोयीचं आहे त्यांना, कारण विचार केला तर प्लॅस्टिकच्या डब्याला इतके पैसे कोण देईल! आणि विचार न करता मारलेले माझे अर्धे रोल खरोखर कचरा आहेत. त्यात रस्ता आहे, आभाळ आहे, माझं बोट आहे. खेळायचं म्हणजे डोकं बाजूला ठेवायचं असं कुठे आहे? विटीदांडू खेळणाऱ्या पोराला विचारा, किती डोकं लागतं.

असो. मूळ मुद्द्याकडे येते.

आपल्या घरात फोटो कशासाठी काढले गेले ते आठवून बघा. शाळेचा गटाचा फोटो. मुलगी दाखवायचा फोटो, स्टुडिओत रंगवलेल्या बागेच्या पडद्यापुढे, एक हात स्टुलावर. लग्नाचा अल्बम, त्यात दोनशे माणसं आणि सगळ्यांचा चेहरा एकच. रेशनकार्ड, आधार. आणि शेवटी चौकातला फ्लेक्स, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. प्रत्येक वेळी आज्ञा एकच: मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका, पापणी मिटू नका. म्हणजे माणूस जे जन्मभर करत असतो ते सगळं त्या क्षणापुरतं बंद ठेवा. गल्लीत कुणाकडे तरी ॲग्फाचा क्लिक थ्री असे. १२० चा रोल, बाराच फोटो. बारात चूक परवडायची नाही, म्हणून उन्हाकडे तोंड करून उभं करायचे आणि सगळ्यांचे डोळे किलकिले. नंतर हॉट शॉट आला, कोडॅकचा केबी १० आला, फोटो छत्तीस झाले, पण आज्ञा तीच राहिली. रोल महाग, वाया घालवू नका.

स्टुडिओतला चार भिंगांचा पोलरॉइड आठवतो का कुणाला? पासपोर्ट फोटोसाठी असायचा. त्याचीही चार भिंगं, पण ती एकदम उघडायची आणि दोन मिनिटांत चार फोटो हातात, चारही सारखे, कापायचे आणि फॉर्मांवर चिकटवायचे. माझा कॅमेरा दिसायला त्याचा भाऊबंद, पण काम बरोब्बर उलटं करतो. पोलरॉइडचे चार कापायलाच काढलेले असत, कारण चौघांत फरक नसे. इथे फरक हेच सगळं आहे. दादाचा घोळ होतोय तो इथे. त्याला वाटतंय, चार आहेत, त्यातला चांगला घ्यायचा.

कापाकापीची ही गोष्ट बरीच जुनी आहे. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक लहान फोटो घ्यायचे, ते कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवायचे. फोटो एकदम स्वस्त झाला आणि जगभर त्याची लाट आली. त्याच्या काही शीट न कापता तशाच राहिल्या आणि आज त्या संग्रहालयांत जपून ठेवल्यात. कारण उघड आहे. कापलेल्या कार्डावर एक ऐटबाज बाई उभी असते. न कापलेल्या शीटवर तीच बाई एका घरात खुर्चीला टेकलेली, दुसऱ्या घरात वळलेली, तिसऱ्यात झगा सारखा केलेला. स्टुडिओत त्या दिवशी काय झालं हे कार्डावरून कळत नाही, शीटवरून कळतं.

आता आत्याचा फोटो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि ज्यांनी मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून फक्त चौथा चौकोन पाहिलाय त्यांच्यासाठी तर मुद्दाम सांगते.

एप्रिल २००७. आमच्या जयसिंगपूरच्या घराची गच्ची. आत्या कुरुंदवाडहून दरवर्षीप्रमाणे कुरडया घालायला आली होती. पहाटे गव्हाचा चीक शिजवलेला, गच्चीवर जुनं पातळ अंथरलेलं, चार कोपऱ्यांना चार विटा. आत्या उकिडवी बसून सोऱ्या फिरवतेय. मी कठड्याजवळ डबा घेऊन उभी. पहिल्या चौकोनात तिची मान खाली, दोन्ही हात सोऱ्यावर, कपाळावर पदर. दुसऱ्यात मान वर, डावा हात सुटलाय, कारण कठड्यावर कावळा उतरलाय. कावळा कोपऱ्यात आहे, शेपटीपासून निम्मा. तिसऱ्यात हाताचा नुसता फराटा आहे, पदर डोक्यावरून उडालाय आणि तोंड 'हाड' म्हणताना उघडलंय. कावळा गायब. चौथ्यात ती माझ्याकडे बघतेय. हात तोंडापुढे आलाय, बोटांना चीक लागलेला, आणि बोटांच्या मागे ती हसतेय. डोळ्यांवरून कळतं. त्यानंतर काय म्हणाली ते फोटोत नाही, पण माझ्या कानात आहे: 'आगं, कशाला रोल फुकट घालवाय लागलीस!'

एक सेकंद. फार तर सव्वा.

दादाने चौथा चौकोन कापला. एका डिझाइनवाल्याकडे पाठवला. त्याने काय केलं ते ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंच आणि 'खूप छान' म्हटलं. तोंडापुढचा हात काढून टाकला. हाताच्या मागे काय होतं ते फिल्मवर नाहीच, म्हणून संगणकाने तिथे एक तोंड बसवलं, मिटलेलं, मंद हसणारं. ते तोंड आत्याचं नाही. आत्याचा वरचा एक दात थोडा पुढे होता आणि त्यामुळे तिचे ओठ पूर्ण मिटतच नसत, हे इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गच्ची गेली, मागे निळसर ढग आले. पदर नीट डोक्यावर. पातळाला जरीचे काठ! अरे, कुरडया घालताना कोण जरीचं नेसतं?

मी त्या डिझाइनवाल्याला दोष देत नाही. नखाएवढ्या फिल्मच्या तुकड्यातून हातभर फोटो मागितला तर तो तरी काय करणार? तेवढा तपशील तिथे नाहीच. मोठं करत गेलं की दाणे दिसायला लागतात, डोळा म्हणजे सात-आठ ठिपके होतात. पूर्वीचा स्टुडिओवाला अशा वेळी ब्रशने रंगवायचा आणि रंगवलंय हे दिसायचं तरी. आताचं यंत्र हजारो दुसऱ्या बायकांचे चेहरे बघून शिकलंय आणि आत्याच्या चेहऱ्यातली भोकं त्यांच्या चेहऱ्यांनी बुजवतंय. हार कुणाला घालणार आपण?

यावर मोबाइलवाल्यांचा प्रश्न आला. 'आता फोन सेकंदाला दहा-वीस फोटो काढतो, व्हिडिओ निघतो, तुझ्या डब्याचं कौतुक कशाला?' बरोबर आहे, काढतो. मग त्या विसांचं तुम्ही काय करता? फोनच विचारतो, यातला सगळ्यात चांगला ठेवू का? तुम्ही हो म्हणता. बाकीचे पुसता, कारण जागा खातात. म्हणजे विसातून निवडायचा तो पुन्हा मान सरळ, पापणी उघडी असलेलाच. यंत्र बदललं, स्टुडिओतला तो माणूस मात्र आपल्या डोक्यात बसलाय तो बसलाय. डब्याने मला निवडायची सोयच दिली नव्हती. मिळाले तर चार, नाहीतर एकही नाही. आणि व्हिडिओ? २००७ मधले फोनवर घेतलेले व्हिडिओ कुणाकडे आहेत, हात वर करा. फोन गेले, कार्डं गेली, लॅपटॉप गेले. शिवाय व्हिडिओ बघायला बसावं लागतं, तो सुरू होतो आणि संपतो. चार चौकोन भिंतीवर असतात. येता-जाता बघता येतात, उलटे बघता येतात, चौथ्यावरून दुसऱ्यावर जाता येतं. कावळा कुठे गेला हे शोधता येतं. भाचीचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला प्रिंट दाखवली, त्याने पहिलं हेच विचारलं, 'काऊ कुठं गेला?' त्याला पणजी न भेटता भेटली म्हणायची. निळ्या ढगांतल्या बाईकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

फिल्म चांगली आणि डिजिटल वाईट असला वाद मला घालायचा नाही, त्यावर ब्लॉग जगतात पुरेशी शाई सांडलीय. फिल्म आता चैन झालीय. एका रंगीत रोलच्या पैशात दोघांचं हॉटेलातलं जेवण होतं, वर धुवायला मला पुण्याला कुरिअर करावा लागतो. मोबाइलवरही चार चौकोनांचा फोटो करता येतो, करा की. फक्त चारही ठेवा.

आता एकच आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, आणि तो वहिनीचा आहे. ती ग्रुपवर बोलली नाही, फोन करून बोलली. म्हणाली, 'देवाशेजारी लावायचा फोटो आहे गं. सासूबाईंना आवडलं असतं का असं, पदर उडालेलं, ओरडताना? आल्या-गेल्यासमोर?' हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. आत्याच्या पिढीतल्या बाईने जन्मभर पदर सांभाळला, आणि ती गेल्यावर आपण तिला पदर उडालेली भिंतीवर लावायची, हे मलाही विचार करायला लावतं. आत्याला विचारता येत नाही.

पण वहिनी, तिने काय केलं ते आपल्याला माहीत आहे. २००७ साली त्या फोटोची प्रिंट मी तिला दिली होती. तिने आधी मला शिव्या घातल्या. मग ती कुरुंदवाडला घेऊन गेली आणि लोखंडी कपाटाच्या दाराला आतून डिंकाने चिकटवली. तू लग्न होऊन आलीस तेव्हा ती तिथेच होती, तूच मला सांगितलंयस. लग्नातला जोडीचा फोटो बाहेर भिंतीवर होता आणि हा आत, जिथे ती रोज सकाळी पातळ काढायला दार उघडायची. बारा वर्षं. तिच्याकडे कात्री नव्हती असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा घरात शिरल्या तेव्हा बाहेरचा फोटोही गेला, कपाटही गेलं, तीन अल्बम गेले. पाणी उतरल्यावर अल्बमची पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला आपण सगळ्यांनी मिळून उपसला. आत्या तेव्हा लग्नाच्या फोटोबद्दल एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, 'तेवढा कावळ्याचा दे गं परत काढून.' मी काढून दिला, पण २०२५ च्या मार्चमध्ये ती गेली तोवर तो तिच्या पिशवीतच होता, कारण नव्या कपाटाला आतून डिंक धरत नव्हता.

तिने त्याला 'कावळ्याचा' म्हटलं होतं, 'माझा' नाही. दादा, तुझ्या कापलेल्या चौकोनात कावळा नाही.

देवाशेजारी नको, हे मला मान्य आहे. देवाशेजारी तिच्या आधार कार्डावरचा लावा, रागावलेली दिसते त्यात, पण तीच आहे. हा सोप्यात लावा, जिथे माणसं बसतात, पोरं खेळतात. मोजमाप सांगते: बारा बाय अठरा इंचांची प्रिंट काढायची. निगेटिव्हच्या मापात ती बरोबर बसते, काही कापावं लागत नाही आणि प्रत्येक चौकोन सहा बाय नऊचा होतो. पोस्टकार्डापेक्षा मोठा झाला की, अजून किती हवाय? दाणे दिसतील, दिसू देत.

आणि ज्या मंडळींनी वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी 'मूळ फोटो पाठव' म्हणून तगादा लावलाय त्यांना: प्रिंट हव्या तेवढ्या काढून देते, खर्च माझा. कुणाला किती हव्यात ते रविवारपर्यंत कळवा, एकदमच टाकते म्हणजे कुरिअर एकदाच लागेल. निगेटिव्ह माझ्याकडे पार्लेच्या डब्यात आहे आणि तिथेच राहणार.